मुंबई विमानतळावरच्या त्या अधिकारी ताईंना

नमस्कार ताई,

तुमचं नाव मला माहीत नाही. त्या पहाटे कुणाचं नाव वाचायचं भान नव्हतं, आणि आता आठवलं असतं तरी इथे लिहिलं नसतं. सरकारी खुर्चीवरच्या माणसाने चांगुलपणा केला, तर त्याचेही खुलासे त्यालाच द्यावे लागतात. म्हणून नुसतं ताई म्हणते. परदेशी पासपोर्टचं काउंटर, लंडनहून आलेलं विमान, आणि मशीन ज्याच्या बोटांचे ठसे घेईना असा एक गोव्याचा माणूस. एवढ्यावरून तुम्हाला आम्ही आठवलो तर फार बरं वाटेल.

सासूबाईंचं दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, आणि पहिली गोष्ट म्हणून हे पत्र लिहायला बसले. तुमच्यापर्यंत पोचेल का, ठाऊक नाही. तुमच्या ओळखीच्या कुणी वाचलं तर तुम्हाला दाखवतील, एवढी आशा आहे.

माझा पासपोर्ट भारताचा, नवऱ्याचा पोर्तुगालचा. हे सांगितलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एखादा गोरा साहेब उभा राहतो. माझा नवरा पेडण्याचा. त्याने पोर्तुगाल पाहिलेला नाही, त्याला पोर्तुगीज बोलता येत नाही. त्याचे वडील १९ डिसेंबर १९६१ च्या आधी, गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात असताना जन्मले. पोर्तुगालचा कायदा अशा माणसांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना आपले नागरिक म्हणून नोंद करू देतो. गोव्यातल्या कितीतरी घरांतल्या मुलांनी ही नोंद करून घेतली, कारण ब्रेक्झिटच्या आधी त्या पासपोर्टवर इंग्लंडमध्ये सरळ काम करता येत होतं. माझा नवराही त्या मुदतीत गेला आणि स्विंडनला एका गोदामात लागला. स्विंडनमध्ये गोंयकारांची मोठी वस्ती आहे. तिथे चवथही होते आणि नाताळही.

माझं माहेर सातार्ड्याचं, म्हणजे तेरेखोल नदीच्या अलीकडचं, सिंधुदुर्गातलं. पलीकडे पेडणे तालुका. मासळी तीच, दशावतार तोच, दोन्ही काठांत सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्यांच्या. पण त्या काठाला जन्मलेल्याच्या नातवाला एक कायदा लागू होतो आणि या काठाला जन्मलेल्याच्या नातीला होत नाही. आमच्या लग्नात कुणाच्या मनातही आलं नव्हतं की ही नदी आम्हाला पुढे प्रत्येक विमानतळावर भेटणार आहे.

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाचं आपणहून घेतलं की आपलं जातं. १९५५ च्या कायद्याचं नववं कलम तसं सांगतं. त्यामुळे तो कागदावर परदेशी झाला. याचं त्याला किती वाटतं ते मी पाहिलं आहे. लग्नाला तीन वर्षं झाल्यावर मलाही पोर्तुगालचं नागरिकत्व मागता आलं असतं. आम्ही दोघांनी बसून ठरवलं की माझा पासपोर्ट आहे तसाच राहू दे. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना भारत सरकार देतं ते कार्ड, असलं तरी मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. घरातल्या एकाचं तरी नाव मतदारयादीत असावं, असं सासूबाईंचंही म्हणणं होतं.

आणि म्हणून आम्ही दोन रांगांतले नवराबायको झालो. मला याची तक्रार नाही, देशाला आपले नियम असतातच. तक्रार आहे ती नियमाच्या आडून बोलणाऱ्यांबद्दल. एका विमानतळावर (कुठला ते सांगत नाही, भारतातला नाही) आम्हाला वेगळं काढून दोन टोकांच्या बाकांवर बसवलं होतं. हा तुझा नवराच कशावरून, असं मागची रांग ऐकेल एवढ्या आवाजात विचारलं होतं. लग्नाचा दाखला पुढे केला तर त्याच्याकडे पाहिलंही नाही. गोव्यातल्या एका कचेरीत तर त्याहून वाईट. ज्या गोंयकारांचे भारतीय पासपोर्ट जमा करून घेण्याऐवजी रद्द झाले, त्यांच्याकडे पासपोर्ट जमा केल्याचा दाखला नसे, म्हणून त्यांचं ओसीआय अडून बसलं होतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये परराष्ट्र मंत्रालयाने रद्द केल्याचा दाखलाही चालेल असं कळवलं, तेव्हा वाट मोकळी झाली. तरी त्या कचेरीतला माणूस महिनोन्‌महिने आज या, उद्या या करत राहिला, आणि शेवटी माझ्या नवऱ्याला म्हणाला, पोर्तुगीज व्हायचं होतं ना, मग आता इथे काय ठेवलंय तुमचं?

काय ठेवलं होतं, तर आई ठेवली होती.

त्या रात्री दिरांचा फोन आला. सासूबाई बांबोळीच्या इस्पितळात होत्या, त्या गेल्या. दीर म्हणाले, आम्ही थांबतो, अग्नी थोरल्यानेच द्यायचा. ई-व्हिसा आधी काढलेला होता म्हणून निघता तरी आलं. मोपाचा विमानतळ पेडणे तालुक्यातच आहे, पण तिकीट मिळालं ते मुंबईपर्यंतचं आणि मग पुढचं विमान. मधला वेळ अगदी थोडा. अख्ख्या प्रवासात तो माझ्याशी बोलला नाही. परदेशी प्रवाशांचा फॉर्म आला तेव्हा भारतातल्या पत्त्याच्या जागी त्याने आपल्या घराचा पत्ता लिहिला, वाड्याच्या नावासकट. मग पेन माझ्या हातात देऊन म्हणाला, पुढचं तू भर.

हॉलमध्ये आलो तर नेहमीसारख्या पाट्या. भारतीय इकडे, परदेशी तिकडे. मी माझ्या रांगेत गेले नाही, त्याच्यामागोमाग चालत राहिले, आणि तुमच्या काउंटरसमोरच्या रेषेवर थांबले. कुणीतरी हटकणार याची तयारी होती. तो पुढे गेला आणि त्याने एकदा मागे वळून पाहिलं. ते तुम्ही टिपलंत. "मागे मिसेस आहेत का? या ना हो पुढे," असं तुम्ही मराठीत म्हणालात. आणि मी पोचायच्या आत, "तुमचाही पासपोर्ट द्या, परत तिकडे उभ्या नका राहू."

खरं तर माझे आभार इथेच सुरू होतात. आमचे दोन पासपोर्ट, एक निळा आणि एक तांबडा, कुणा अधिकाऱ्याच्या टेबलावर एकमेकांवर ठेवलेले मी पहिल्यांदा पाहिले.

मग बोटं. उजव्या हाताची चार, डाव्याची चार, मग अंगठे. काचेवर हिरवा उजेड यायचा आणि मशीन नको म्हणायचं. गोदामात दिवसभर पुठ्ठ्याची खोकी उचलून त्याच्या बोटांची टोकं पार घासून गेली आहेत, त्यात तिकडची थंडी. कातडी कोरडी, मध्येमध्ये चिरा पडलेल्या. त्याने हात पँटला पुसला, पुन्हा ठेवला. दाबून ठेवला. पुन्हा नाही. त्याचा हात थरथरायला लागला, आणि मग कुणाशीच नाही, त्या काचेशीच बोलल्यासारखा तो कोंकणीत म्हणाला, "आवय गेली म्हजी."

तुम्ही मान वर केलीत. "कधी?" एवढंच विचारलंत. मी सांगितलं. पुढचं विमान किती वाजता, तेही सांगितलं. तुम्ही म्हणालात, "ठसे मला घ्यावेच लागतील, ते टाळता येणार नाही. पण आपण घेऊ नीट. होतं असं."

आणि मग तुम्ही खाली वाकून आपल्या पर्समधून हाताला लावायच्या क्रीमची ट्यूब काढलीत. निम्मी संपलेली, खालून गुंडाळत आणलेली. ती त्याला नाही दिलीत, मला दिलीत. "तुम्ही लावा त्यांच्या बोटांना. एकेक बोट चोळा, मुरू द्या. मग रुमालाने टिपा."

ताई, तुम्हाला कल्पना नसेल तुम्ही काय केलंत. फोन आल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता. तो लावू देत नव्हता. आधी काम होतं, मग बॅग भरणं, मग तिकीट, मग गर्दी. तिथे, तुमच्या काउंटरवर, मी त्याचं एकेक बोट हातात घेऊन क्रीम चोळत होते. करंगळी झाली, शेजारचं झालं, मधल्या बोटाला आले आणि तो रडायला लागला. मोठ्याने नाही. खांदे हलत होते. मी चोळत राहिले, कारण तुम्ही मला तेच काम दिलं होतं.

तुम्ही त्या वेळी आमच्याकडे पाहिलं नाहीत. हात करून मागच्या दोघांना शेजारच्या काउंटरवर पाठवलंत, आणि स्क्रीनकडे तोंड करून बसलात, जणू तिथे काही वाचायचं आहे. मला कळत होतं की तिथे वाचायला काही नव्हतं. घाई करा म्हणाला नाहीत. रडू नका म्हणाला नाहीत, आणि याचे मी वेगळे आभार मानते, कारण नंतर घरी प्रत्येक जण तेच सांगत होता. त्याने स्वतःच डोळे पुसले, हात काचेवर ठेवला, आणि ठसे उमटले.

शिक्के मारून दोन्ही पासपोर्ट तुम्ही एकत्रच परत दिलेत. मी ट्यूब पुढे केली तर म्हणालात, "राहू दे, पुढेही लागेल." ती अजून माझ्याकडे आहे.

पुढचं विमान मिळालं. दुपारी घरी पोचलो. दीर वाट बघत होते, अग्नी त्यानेच दिला. उशीर झाला असता तर दिरांनी दिला असता, कुणी दोष दिला नसता. पण मी या माणसाला ओळखते. तो आयुष्यभर त्या विमानतळाच्या रांगेत उभा राहिला असता.

तुम्ही नियम मोडला नाहीत, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. ठसे घेतलेत, फॉर्म पाहिलात, विचारायचं ते विचारलंत. तुम्ही आमच्यावर उपकार केलेत असं कुणी म्हणू शकणार नाही, आणि तरी केलेत. ज्यांनी आम्हाला बाकांवर बसवलं, ज्याने कचेरीत हेलपाटे घालायला लावले, ते सगळे नियमच सांगत होते. तोच नियम तुमच्याकडेही होता. म्हणून नियमांमुळे माणसांचे हाल होतात असं आता कुणी म्हणालं की मला ते पटत नाही. खुर्चीवर कोण बसलं आहे, यावर फार असतं.

अशी माणसं आहेत, आणि ती आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं चालतं. बांबोळीच्या वॉर्डातल्या एका नर्सने शेवटच्या आठवड्यात रोज रात्री स्वतःच्या फोनवरून सासूबाईंना आम्हाला दाखवलं. ड्यूटी संपल्यावर थांबून, कुणी सांगितलं नसताना. त्यांनाही मी लिहिणार आहे. चांगली वागणारी माणसं आपलं काम केलं म्हणून विसरून जातात, आणि वाईट वागलेल्यांचेच किस्से आपण वर्षानुवर्षं सांगत बसतो. मीही या पत्रात सांगितलेच की. पण तुमच्याबद्दल जास्त लिहिलं आहे, आणि पुढेही तुमच्याबद्दलच जास्त सांगेन.

एक गोष्ट तुम्हाला कळावी म्हणून. त्याचं ओसीआय कार्ड आता आलं आहे. पुढच्या वेळी त्याला व्हिसा लागणार नाही. तरी मी त्याला सांगून ठेवलं आहे, तुम्ही ज्या रांगेला असाल त्या रांगेला आपण उभं राहायचं, मग ती कितीही लांब असो.

यंदा घरात सण नाहीत. वर्षश्राद्ध झालं की पुढच्या चवथीला आमच्याकडे गणपती नेहमीसारखा बसेल. तुम्ही या. घरच्यांना घेऊन या. मोपाला उतरा, आम्ही न्यायला येऊ. खतखतं आणि नेवऱ्या सासूबाई करायच्या तशा मला येत नाहीत, पण जावेला येतात.

तुमची,
सातार्ड्याची लेक, पेडण्याची सून