कॅमेरे पाठवताय? आधी माइक पाठवा

संपादक महोदय,

युद्धातून सावरणाऱ्या देशांतल्या तरुणांना चित्रपट करायला शिकवण्याच्या उपक्रमांबद्दल काही छापून आलं, की सोबतच्या फोटोत हमखास एखादा मुलगा भल्यामोठ्या कॅमेऱ्याला डोळा लावून उभा असतो. मदतीच्या याद्याही त्याच वळणाच्या: कॅमेरा, लेन्स, जमल्यास ड्रोन. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. शिकण्यापुरत्या चित्रणाला बरा मोबाइल पुरतो. पैसे घालायचे ते माइक, हेडफोन, हार्ड डिस्क आणि विजेच्या सोयीत.

आवाजाचंच घ्या. मोबाइल आवाजाची पातळी आपली आपण वरखाली करतो. माणूस बोलत असतो तोवर ठीक. तो थांबला की आवाज कमी पडला असं समजून फोन पातळी चढवतो आणि मागचा जनरेटर, पंखा, रस्ता सगळं उसळून वर येतं. घरचं माणूस गमावलेली बाई वाक्य अर्ध्यावर सोडून दहा सेकंद गप्प बसते, आणि नेमकी तिथेच जनरेटरची घरघर वाढते. संकलनात हे धड निस्तरता येत नाही. पातळी हाताने ठरवता येईल असं ॲप किंवा छोटा रेकॉर्डर हवा. आवाजाचे नमुने टिपण्याचा वेग (सॅम्पल रेट) ४८ किलोहर्ट्‌झ, आणि बोलण्यातला सर्वांत मोठा आवाज मीटरवर साधारण उणे १२ डेसिबलपर्यंत. तारेचा कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, आणि गटातल्या एकाच्या कानाला सतत हेडफोन. मुलाखत संपली की सगळ्यांनी गप्प राहून ३० सेकंद नुसता खोलीचा आवाज घ्यायचा. हे मुलं हटकून विसरतात आणि मग दोन वाक्यांमधला सांधा बुजवायला हाताशी काही उरत नाही.

विजेचं दुखणं वेगळंच. पुरवठा ५० हर्ट्‌झचा असेल तिथे सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवलं की दिव्यांचे पट्टे दिसत नाहीत, हे कोणीही सांगेल. पण छोट्या जनरेटरची वारंवारता भारानुसार सरकते आणि तेच पट्टे हळूहळू पडद्यावर चढू लागतात. त्यापेक्षा दिवा मालवून माणसाला खिडकीशेजारी, तिच्याकडे अर्धवट तोंड करून बसवावं आणि एक्स्पोजर (चित्रात किती उजेड घ्यायचा ते) चेहऱ्यावर लॉक करावं. कॉपी चालू असताना वीज गेली तर डिस्कवरची फाइलींची नोंदच बिघडू शकते. डिस्क स्वतःच्या वेगळ्या प्लगवर चालणारी असेल तर यूपीएस हवाच. १०८०पी (फुल एचडी) चित्रण सेकंदाला ५० मेगाबिटने केलं तर तासाला २२ जीबीच्या आसपास जागा लागते. दोन कॉपी उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, तिसरी कॉपी दुसऱ्या इमारतीत.

आता अभ्यासक्रम. गट चौघांचा, कामं दर चित्रणाला बदलती. पहिल्या आठवड्यात संवाद नसलेली एका मिनिटाची फिल्म: सायकलचं पंक्चर काढणारे हात, कापड बेतणारी बाई, असं काहीही. पाच शॉट पुरे: हात, चेहरा, पूर्ण जागा, खांद्यावरून, आणि एक आपल्या मनाचा. प्रत्येक शॉट १० सेकंद धरून ठेवायचा. सुरुवातीला सगळे तीन सेकंदांत बटण दाबून मोकळे होतात, मग कात्री लावायला जागाच सापडत नाही.

पहिल्या महिन्यात विद्यार्थ्याकडे त्याच्या युद्धाची गोष्ट मागू नये. देणगीदारांना तीच हवी असते, हे मान्य. पण एकाच बाकावर दोन्ही बाजूंच्या घरांतली मुलं असू शकतात. पंक्चरच्या फिल्मवर ती भांडतात ती शॉटवरून, आणि तेवढी सवय आधी व्हावी लागते. पुढे मुलाखती घेताना ‘तेव्हा कसं वाटलं?’ हा प्रश्न वर्ज्य. निघताना पिशवीत काय घेतलं, दार कोणी लावलं, असं विचारावं. समोरचा माणूस थरथरू लागला तर रेकॉर्डिंग बंद. समुपदेशक कोण आणि कुठे, हे आधीच ठरलेलं असावं.

ओळख लपवायची असेल तर ती चित्रणातच लपवा. उजेडाला पाठ करून घेतलेली काळी आकृती संकलनात उजळली तर कित्येकदा चेहरा ओळखू येतो. नंतर धूसर केला तरी मूळ फाइल डिस्कवर असतेच. त्यामुळे हात किंवा पाठमोरं डोकं घ्यावं आणि फोनचं लोकेशन बंद ठेवावं. ट्रायपॉड लांबून बंदुकीसारखा दिसू शकतो, म्हणून तपासणी नाक्यापाशी तो पिशवीतून बाहेर काढायचा नाही. कंबोडियासारख्या भूसुरुंगांच्या देशात तर धोका चांगली फ्रेम शोधत मागे सरकणाऱ्या चार पावलांत असतो. चित्रण फक्त मळलेल्या वाटेवरून.

त्याच कंबोडियात चित्रपट दिग्दर्शक रिथी पान्ह यांनी २००६मध्ये राजधानी नोम पेन्हला बोफाना केंद्र सुरू केलं. तिथे जुन्या चित्रफिती आणि ध्वनिमुद्रणं जपली जातात आणि तरुणांना प्रशिक्षणही मिळतं. खमेर रूज या कम्युनिस्ट राजवटीच्या काळात (१९७५–७९) तिथल्या चित्रपटसृष्टीची माणसं आणि फिल्म दोन्ही मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या. अशा ठिकाणी साठवण शिकवणं हा चैनीचा विषय नव्हे. फिल्म लोकांपर्यंत नेण्याचंही तसंच: रवांडाचा चित्रपट महोत्सव हवेने फुगवलेला पडदा घेऊन डोंगरांवरच्या वस्त्यांत गेलेला आहे.

विद्यार्थ्यांच्या फिल्मचा पहिला खेळ मात्र मुलाखत दिलेल्यांपुरताच असावा, आणि तोवर संकलनाची फाइल बंद करू नये. बोलताना होकार दिलेली व्यक्ती स्वतःला पडद्यावर पाहून ‘एवढं वाक्य काढा’ म्हणू शकते. ते त्याच दिवशी काढता आलं पाहिजे.

आपला,
एक चित्रपट-प्रशिक्षक