टोकियोच्या पुढेही जपान आहे

संपादक साहेब,

तुमच्या पुरवणीत जपान आलं की टोकियो नाहीतर क्योतो, म्हणून मुद्दाम लिहितेय. आम्ही ठाण्याहून गेलो ते गिफू प्रांतातल्या हिदा भागात. शिराकावा-गो गावातली घरं बघून मी जागीच थांबले, गवताने शाकारलेली उंच उतरती छपरं, अगदी नमस्काराला हात जोडल्यासारखी आणि नावही त्यावरूनच, गाश्शो-झुकुरी, छपराच्या सांगाड्याला खिळे नाहीत, सगळं दोरांनी बांधलेलं, वरच्या माळ्यांवर पूर्वी रेशमाचे किडे पाळायचे. छप्पर शाकारायला गावच एकत्र येतं, त्याला 'युई' म्हणतात, आपलं इर्जिकच की हो! १९९५ पासून युनेस्कोच्या यादीत आहे हे गाव.

त्याच हिदा भागातल्या ताकायामा शहरात मियागावा नदीकाठचा सकाळचा बाजार बघा आणि होबा-मिसो खाच. मॅग्नोलियाच्या वाळक्या पानावर मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा घट्ट लगदा, ठेवून खाली निखारा, तो वास आला आणि मला हळदीच्या पानातल्या पातोळ्या आठवल्या.

परत आल्यावर येऊरच्या पाड्यांवर कारवीच्या कुडाची घरं शोधत फिरले, मोजकीच दिसली. त्यांच्यावरही एक पान छापा ना प्लीज, ती बांधणाऱ्या जुन्या माणसांशी बोलायला मी तुमच्या वार्ताहरासोबत यायला तयार आहे.

एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे