बॅकअप आहे म्हणता, मग एकदा उघडून दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फोंड्याजवळच्या एका पतसंस्थेचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. ऑफिसातल्या मशिनवरचा सगळा डेटा आम्ही क्लाउडवर नेला, कारण पावसाळ्यात लाइट जाते, यूपीएस दम टाकतो, त्यापेक्षा मुंबईच्या डेटा सेंटरात बरं, आणि तो निर्णय मला आजही बरोबरच वाटतो. पण क्लाउडवर आहे म्हणजे बॅकअप आपोआप होतोच, असं चेअरमनपासून क्लार्कपर्यंत सगळे धरून चालले, मी पण, आणि तिथं घात झाला.

गेल्या वर्षी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठ दिवस आधी, म्हणजे पिग्मीचे (एजंट रोज फिरून गोळा करतात त्या छोट्या ठेवींचे) पैसे काढायला सगळ्यात जास्त गर्दी असते नेमकी तेव्हा, सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांच्या माणसानं चाचणीच्या चार खोट्या नोंदी काढायला एक डिलीट, म्हणजे पुसायची आज्ञा, चालवलं आणि त्यात कुठल्या नोंदी पुसायच्या ते सांगणारी व्हेअरची अट घालायची राहिली. पिग्मीच्या सगळ्या नोंदी गेल्या. दुसरा सर्व्हर होता रेप्लिका म्हणून, पण रेप्लिका मूळ सर्व्हरवर जे होईल ते जसंच्या तसं उचलते, चूकसुद्धा, तिथंही सेकंदाभरात सगळं साफ. रात्रीचा डंप, म्हणजे सगळ्या डेटाची काढून ठेवलेली प्रत, शोधायला गेलो तर शेवटचा २३ दिवसांपूर्वीचा! रोज रात्री पूर्ण ४० जीबीचा डंप त्याच सर्व्हरच्या डिस्कवर पडत होता, डिस्क भरली, काम बंद पडलं, आणि कुणाला साधा मेल नाही की मेसेज नाही.

ते २३ दिवस आम्ही एजंटांच्या पावतीपुस्तकांवरून परत भरले. मासळी बाजारात फिरणाऱ्या आमच्या एजंट बाईंचं पुस्तक ओल्या हातांनी फिकं झालेलं, त्यात कार्बनची प्रत, त्या ट्यूबलाइटखाली पान धरून वाचायच्या आणि मी टाइप करायचो, पन्नास, पन्नास, शंभर, एखादा आकडा लागलाच नाही तर म्हणायच्या "ही सुंगटंवाली (कोळंबी विकणारी), ती रोज शंभरच घालते". त्या बाईंच्या आठवणीवर लोकांचे पैसे उभे राहिले. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताचं, सामान घ्यायला म्हणून वर्षभर थोडे थोडे साठवलेले पैसे, ते मागायला आलेल्या माणसाला "दोन दिवसांनी या" सांगताना काय वाटतं ते मी विसरणार नाही.

नंतर आम्ही जे केलं ते मुद्दाम लिहितोय, कारण गोव्यात अशा कितीतरी संस्था, देवस्थानं, शाळा आता क्लाउडवर गेल्यात. आमचा डेटाबेस, म्हणजे नोंदी सांभाळणारं सॉफ्टवेअर, पोस्टग्रेस. त्याच्या १७ व्या आवृत्तीत, म्हणजे सप्टेंबर २०२४ पासून, इन्क्रिमेंटल बॅकअप, म्हणजे फक्त बदललेलं तेवढंच घेणारा, त्यातच मिळतो. त्यासाठी समराइझ वॉल ही, काय बदललं त्याची नोंद ठेवणारी, सेटिंग आधी चालू करायची आणि मग पहिला पूर्ण बॅकअप घ्यायचा. आम्ही रविवारी पूर्ण घेतो, बाकीच्या रात्री आदल्या बॅकअपनंतर जे ब्लॉक, म्हणजे डेटाचे तुकडे, बदलले तेवढेच, ४० जीबीच्या जागी जेमतेम ४०० एमबी. शिवाय प्रत्येक बदल डेटाबेस आधी वॉल नावाच्या लॉगमध्ये लिहितो, त्याच्या १६ एमबीच्या फायली भरतील तशा बाहेर जातात, भरल्या नाहीत तरी पाच मिनिटांनी जातातच, तशी आर्काइव्ह टाइमआउट लावलीय. म्हणजे उद्या ११:४२ ला कुणी चुकीचं डिलीट मारलं तर बॅकअपवर या फायली चालवत डेटाबेस ११:४१ ला आणून उभा करता येतो. रोजच्या पूर्ण डंपनं हे कधीच होत नाही, तो फार तर रात्री दोनला नेऊन सोडतो.

एक मात्र आहे, ही साखळी असते, मधला एक बॅकअप हरवला तर पुढचे सगळे फुकट, म्हणून दर रविवारी नवी साखळी सुरू आणि मागच्या चार साखळ्या ठेवायच्या. आणि हे सगळं त्या सर्व्हरवर ठेवायचं नाही! आमचं हैदराबादला जातं, वेगळ्या अकाउंटवर, सर्व्हरला तिथं लिहायची परवानगी आहे पण पुसायची नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळालं तेव्हा काही गिऱ्हाइकांचे बॅकअपही तिथंच होते, तेही गेले.

सगळ्यात जास्त शिकलो ते परत उभं करून बघताना. पहिल्याच सरावात अडलो, बॅकअप लॉक करायचा पासवर्ड फक्त त्या सर्व्हरवरच होता, सर्व्हर गेला असं धरलं की किल्लीही गेली. आता तो कागदावर लिहून पाकिटात, पाकीट संस्थेच्या तिजोरीत. दुसऱ्या वेळी ५२ मिनिटं लागली, आणि आदल्या दिवशी छापलेल्या तेरजेशी (खात्यांच्या शिलकांच्या यादीशी) पिग्मीची बेरीज पैशापर्यंत जुळली तेव्हा कुठं जिवात जीव आला. आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी हे करतो. आपल्यासारख्या लहान संस्थांचंच असं होतं असं नाही, प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅबसारख्या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ ला चुकून चालू डेटाबेस पुसला गेला, तेव्हा कळलं की रोजचा डंप व्हर्जन न जुळल्यानं होतच नव्हता आणि तो फसतोय हे सांगणारे मेलही पोचत नव्हते. कुणीतरी सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी घेतलेली प्रत होती म्हणून वाचले.

माझी तक्रार आहे ती ऑडिटबद्दल. आमच्याकडे ऑडिटला आलेले दर वर्षी विचारायचे "बॅकअप आहे का?", आम्ही "आहे" म्हणायचो, ते टिक करायचे, संपलं. ज्या वर्षी डेटा गेला त्याही वर्षी त्या रकान्यात टिकच आहे. सहकार खात्यानं हा प्रश्न बदलावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. शेवटचा बॅकअप कुठल्या तारखेला, कोणी, किती वेळात उभा केला आणि तेरीज जुळली का, हे विचारावं आणि त्याचा छापील कागद मागावा. संचालक मंडळाच्या मासिक सभेतही हा कागद वाचला जावा, आमच्याकडे जातो, दोन मिनिटं लागतात.

आमच्या सगळ्या सेटिंग मराठीत लिहून ठेवल्यात, पानं सहा. कुठल्याही संस्थेला हव्या असतील तर आपल्या कचेरीत कळवावं, मी प्रत आणून देईन, आणि पहिला सराव करताना सोबत बसायलाही तयार आहे.

आपला,
एक वाचक, फोंडा