बधिर पायाला झटका देण्यापूर्वी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पाय व घोट्यातील दबलेल्या नसा कायरोप्रॅक्टिक पद्धतीने, म्हणजे सांधे हाताने दाबून किंवा झटका देऊन, मोकळ्या करून देण्याच्या चित्रफिती मोबाइलवर पाहून आमच्या भागातील लोकही या उपचाराची चौकशी करू लागले आहेत. अमेरिकेत १८९५ मध्ये सुरू झालेल्या या पद्धतीला काही देशांत कायदेशीर नोंदणी आहे. आपल्याकडे तशी वैधानिक परिषद नाही. घोट्यातील दबलेल्या नसेवर तिचा गुण आल्याचे पुरावे प्रामुख्याने एकेकट्या रुग्णांच्या नोंदींचे आहेत, हे जाहिरातींत कोणी सांगत नाही.

नस दबण्याची कारणे मात्र आमच्या शेतीतच आहेत. निंदणाला किंवा पऱ्हे (भाताची रोपे) खणायला तासन्‌तास उकिडवे बसले की गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाने हाडाला वळसा घालून जाणारी नस दबते आणि पाऊल वर उचलेनासे होते. घोट्याच्या आतल्या बाजूची नस दबल्यास तळपायाला मुंग्या येतात, आग होते. अशा वेळी बैठक बदलणे, विश्रांती, व्यायाम, योग्य पादत्राणे आणि गरज पडल्यास इंजेक्शन वा शस्त्रक्रिया हे उपाय आहेत, आणि प्रशिक्षित हातांनी केलेल्या हलक्या हालचालींनाही त्यात जागा असू शकते.

माझी काळजी वेगळी आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत आजही कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आढळतात, आणि हा रोग पायात नेमक्या याच दोन नसांना गाठतो. पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाची नस सुजलेली असू शकते. तिथे झटक्याने काही साधत नाही, उलट मोलाचा वेळ जातो. नसेचे काम सहा महिन्यांच्या आत बिघडलेले असेल तर स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ते बरेचदा परत मिळते. त्यानंतर आशा कमी होत जाते. बाबा आमट्यांचे आनंदवन ज्या वरोऱ्यात उभे राहिले, त्याच परिसरात केवळ उशिरामुळे कोणाचे पाऊल कायमचे लुळे पडावे, हे मला असह्य वाटते. मधुमेहाच्या रुग्णाचे बधिर पाऊलही असेच जपायला हवे, कारण सांध्यावर जोर पडून इजा झाली तरी त्याला दुखत नाही.

खरे तर पहिली तपासणी अगदी साधी आहे. रुग्णाचे डोळे मिटवून तळपायावर ठिकठिकाणी बॉलपेनचे टोक हलकेच टेकवायचे आणि स्पर्श कुठे झाला ते त्याला बोटाने दाखवायला सांगायचे. जिथे कळत नाही, तिथे शंका धरून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. कुष्ठरोगाची औषधे तिथे मोफत मिळतात.

आपल्या आरोग्यविषयक पानावर ही तपासणी चित्रांसह, रोवणी सुरू होण्याआधी छापावी आणि नसांवरील हमखास उपचाराच्या जाहिराती स्वीकारताना उपचार करणाऱ्याची शैक्षणिक पात्रता व नोंदणी विचारावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त कुष्ठरोग तंत्रज्ञ
ता. वरोरा, जि. चंद्रपूर