प्रौढांच्या इंग्रजी वर्गात बोलतं कोण?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ अशा जाहिराती वाचून नोकरी आणि संसार सांभाळणारी माणसे मोठ्या आशेने वर्गाला नाव घालतात. महिन्याभरात जमले नाही की ‘आता आपले वय झाले’ म्हणून सोडून देतात. साधा हिशेब मांडला तर वयाला बोल लावायचे कारण उरत नाही. युरोप परिषदेने २००१ मध्ये भाषाज्ञानाच्या ए-वन ते सी-टू अशा सहा पातळ्या प्रसिद्ध केल्या. केम्ब्रिजच्या परीक्षा मंडळाचा अंदाज असा, की अगदी पहिल्यापासून शिकणाऱ्याला बी-वनपर्यंत, म्हणजे ओळखीच्या विषयांवर आपले आपण निभावून नेण्याइतके इंग्रजी येईपर्यंत, शिक्षकाच्या हाताखाली ३५० ते ४०० तास लागतात. रोज एक तास धरला तर तीस दिवसांत होतात तीस तास. आठवड्याला तीन तासांच्या वर्गाला सव्वादोन ते अडीच वर्षे हवीत.

आमचे, म्हणजे प्रौढांना इंग्रजी शिकवणाऱ्यांचे, खरे दुखणे मात्र पुढेच आहे. मिळालेले तासही शिकणाऱ्याच्या तोंडी पडत नाहीत. वीस जणांचा तासाभराचा वर्ग घ्या. शिक्षक चाळीस मिनिटे व्याकरणातले काळ समजावतात आणि उरलेल्या वीस मिनिटांत एकेकाला उभे करतात. प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिट येते. त्याच वीस मिनिटांत दहा जोड्या केल्या, तर प्रत्येक जण दहा मिनिटे बोलतो.

जोड्या करूनही वर्ग फसतो, आणि बहुधा एकाच कारणाने. दोघांच्या हाती एकच कागद दिलेला असतो. समोरच्याला सगळे माहीत असताना विचारायचे काय? म्हणून एकाच्या वेळापत्रकात गाड्यांच्या सुटण्याच्या वेळा ठेवाव्यात, दुसऱ्याच्या वेळापत्रकात पोचण्याच्या. कागद एकमेकांना दाखवायचे नाहीत, विचारून रकाने भरायचे. मग प्रश्न आपोआप निघतात, आणि उत्तर ऐकू आले नाही तर ‘पुन्हा सांगा’ हेही इंग्रजीतच म्हणावे लागते.

अडखळत बोलणाऱ्यांसाठी भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी लोकप्रिय केलेली ४-३-२ ही रीत आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. एकच विषय एका जोडीदाराला चार मिनिटांत सांगायचा, दुसऱ्याला तीन मिनिटांत, तिसऱ्याला दोन मिनिटांत. दर खेपेला ऐकणारा बदलला पाहिजे. तोच राहिला, तर त्याला आधीच ठाऊक असलेली गोष्ट सांगताना बोलणारा गाळत जातो आणि सराव पोकळ होतो. विषयही आधी येऊन गेलेल्या शब्दांत मावणारा हवा. या वेळात शिक्षकाने कुणालाही मध्ये थांबवू नये. चुका वहीत टिपाव्यात, आणि शेवटी त्यांतल्या चार-पाच कुणाचेही नाव न घेता फळ्यावर मांडाव्यात. चारचौघांत चुकण्याची धास्ती मोठ्या माणसाला फार असते, तिला जपलेच पाहिजे.

चूक दाखवण्याची पद्धतही तपासायला हवी. विद्यार्थी ‘ही गो टु ऑफिस’ म्हणतो, शिक्षक ‘येस, ही गोज टु ऑफिस’ म्हणून पुढे सरकतात. विद्यार्थी फक्त ‘येस’ ऐकतो. रॉय लिस्टर आणि लीला रँटा या संशोधकांनी कॅनडातल्या शाळांमधले फ्रेंचचे वर्ग अभ्यासून १९९७ मध्ये हेच नोंदवले: शिक्षक अशी परस्पर दुरुस्ती सर्वांत जास्त करतात, पण मुलांकडून तिला प्रतिसाद मात्र सर्वांत कमी मिळतो. त्यापेक्षा ‘ही…’ म्हणून थांबावे, मनात पाचपर्यंत मोजावे आणि बरोबर रूप त्यालाच काढू द्यावे. ती शांतता शिक्षकालाच अधिक जड जाते, तरी ती भरून काढू नये.

उच्चाराकडे तर वर्गांत पाठच फिरवलेली असते. वाक्याखाली देवनागरीत उच्चार लिहून घ्यायची सवय सोयीची वाटते, पण तिच्यात शब्दातला जोर हरवतो. फोटोग्राफ, फोटोग्राफर आणि फोटोग्राफिक हे शब्द आपण एकाच ठेक्यात वाचतो. इंग्रजीत पहिल्यात जोर ‘फो’वर, दुसऱ्यात ‘टॉ’वर आणि तिसऱ्यात ‘ग्रा’वर पडतो. जोर नसलेले स्वर पुसट होतात, म्हणून ‘फोटोग्राफर’ हा प्रत्यक्षात ‘फटॉग्रफर’च्या जवळ जातो. हे कानाला ठाऊक नसेल, तर पाठ असलेला शब्दही समोरच्याच्या तोंडून ओळखू येत नाही. नवा शब्द देतानाच जोराच्या अक्षरावर टिंब द्यावे आणि तिथे टाळी वाजवून तो तीनदा म्हणवून घ्यावा. तासाला आठ-दहा शब्द पुरेत. तेच पुढच्या तासाला, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा वापरायला लावले नाहीत, तर टिकत नाहीत.

वर्गात मराठीला बंदी घालण्याचा हट्टही सोडावा. ‘मी तो सिनेमा मागच्या वर्षी पाहिला आहे’ हे मराठीत चालते, म्हणून विद्यार्थी ‘आय हॅव सीन इट लास्ट इयर’ म्हणतो. गेलेली वेळ नेमकी सांगितली की इंग्रजीला ‘आय सॉ’च लागते. हा फरक मराठीत दोन मिनिटांत कळतो, इंग्रजीत समजावताना अर्धा तास जातो आणि तरी घोळ उरतो. वाचलेला वेळ बोलण्याला द्यावा.

वर्ग चालवणाऱ्यांना आमची विनंती आहे. प्रवेशाच्या वेळी लेखी चाचणीबरोबर दहा मिनिटे बोलून पातळी ठरवावी. पहिल्या दिवशी प्रत्येकाचे दोन मिनिटांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे आणि दर तीस तासांनी त्याच विषयावर पुन्हा करून दोन्ही त्याला ऐकवावीत. आणि जाहिरातीत दिवसांऐवजी तास आणि पातळी छापावी.

आपले,
प्रौढांना इंग्रजी शिकवणारे काही शिक्षक