गिऱ्हाईक वहीतच होतं

आर्वी तालुका, जि. वर्धा
5 फेब्रुवारी

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र मिळालं. कांडप मशीन बसवून चार महिने झाले आणि भिवापूरसारख्या मिरचीच्या मुलखात असूनही दिवसाला दोन-तीनच गिऱ्हाइकं येऊन राहिली, हे वाचून जीवाला लागलं. त्याहून जास्त काळजी पुढच्या ओळीची वाटली. वीस हजार उसने घेऊन चौकाचौकात फ्लेक्स लावणार म्हणतोस. ते पैसे उचलू नको. आधी हे पत्र पूर्ण वाच.

घाणा सुरू केला तेव्हा मीही तेच केलं होतं. दिवाळीच्या तोंडावर दोन हजार पत्रकं छापून पेपरातून वाटली. सात फोन आले. सातही जणांनी फक्त भाव विचारला, पाकिटातल्या रिफाइंडशी ताडून पाहिला आणि फोन ठेवला. त्यांचं चुकलं नाही. लाकडी घाण्यावर शेंगदाण्याचं लिटरभर तेल निघायला अडीच किलोच्या आसपास दाणे लागतात, मी त्या भावात कुठून उतरणार? पण ते आपलं गिऱ्हाईकच नव्हतं, हे कळायला मला ते पैसे घालवावे लागले.

मग एका रात्री मजुरीची वही काढून बसलो. घरचे जवस, तीळ आणून गाळून नेणारे लोक त्यात होते. तेलही त्यांचं, ढेपही त्यांची, मला फक्त मजुरी. त्यांना मी कधी गिऱ्हाईक मानलंच नव्हतं. त्रेसष्ट नावं निघाली, आणि त्यातली अकरा एकाच गावची. एका आजीला विचारलं, "तुमच्या गावाले माझा घाणा कसा माहीत?" ती म्हणाली, "आमच्या अंगणवाडीच्या बाईनं सांगतलं. तुही जवसाची धार आमच्या समोर पडते म्हणे." त्या बाईंना मी ओळखतही नव्हतो!

दुसऱ्याच आठवड्यात त्या गावच्या बचत गटाच्या बैठकीला गेलो. भाषण दिलं नाही. जवसाची चटणी कालवून नेली, वर ताजं तेल सोडलं, सोबत भाकरी. वीस बायांनी खाल्ली आणि नऊ जणींनी तेल सांगितलं, पण पावभरच. "आवडलं त अजून नेईन." तेव्हापासून पावाची बाटली ठेवतो. जवसाचं तेल लवकर खवट होतं, छोटी बाटली ताजी असतानाच संपते आणि बाई परत येते. लिटरच्या बाटलीनं हेच गिऱ्हाईक तुटलं असतं.

एक चूक तू करू नको. पहिल्या वर्षी मी लोकांच्या डब्यात सुटं तेल ओतून विकत होतो. खाद्यतेल सुटं विकायला बंदी आहे, पॅकबंद आणि लेबल लावूनच विकावं लागतं, हे मला उशिरा कळलं. तुझंही तिखट पाकिटात जाणार असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी आधी करून घे. मी केली तेव्हा वर्षाचे 100 रुपये लागले. आणि पाकिटावर भिवापुरी मिरचीचं भौगोलिक मानांकन छापायचं तर त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते. नुसतं भिवापुरात राहून चालत नाही.

शहरातलं गिऱ्हाईक मी वर्ध्यात शोधलं. 1934 साली गांधीजींच्या पुढाकारानं ग्रामोद्योग संघ तिथंच निघाला, संघाच्या मगनवाडी या आवारात घाण्याच्या सुधारणेवरही काम झालं. तिथल्या जुन्या घरांत घाणा म्हणजे काय हे समजावत बसावं लागत नाही. जिथं निम्मं समजावणं आधीच झालेलं आहे, तिथं आधी जावं.

व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट यादी फुकटात होते, एका यादीत 256 जण बसतात. पण ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केला असेल त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून पैसे घेताना प्रत्येकाला समोरच नंबर सेव्ह करायला लावतो. निरोप फक्त घाणा चालेल त्या दिवशी. रोज सुप्रभात पाठवलं तर लोक ब्लॉक करतात.

आता तुझ्या मशीनचं. वर्षाचं तिखट करायला बाया मार्चपासून निघतील. ऑटोनं येऊन नंबर लावून अर्धा दिवस बसणं, हीच त्यांची खरी अडचण. गावागावाला वार ठरवून दे, फोनवर नंबर घे, सांगितलेल्या वेळेला दळून दे. हळदीचा दिवस वेगळा ठेव, म्हणजे हळदीत तिखट उतरलं अशी तक्रार येणार नाही. मिरची कडक वाळलेली असेल तरच घे आणि घाई करून मशीन तापवू नको, रंग काळवंडतो. लाल तिखट घेऊन घरी गेलेली बाई शेजारणीला डबा उघडून दाखवतेच. उधारी मात्र घरच्यांनाही नको. मी लोकांचा कापूस विकेपर्यंत पैशासाठी थांबलो आणि तीन घरं रस्ता बदलून जायला लागली. पैसे गेले ते गेले, गिऱ्हाईकही गेलं.

नोंदणी झाली की दोन किलो तिखट पावाच्या पाकिटांत भरून, लेबल लावून, एसटीनं पाठव. बाजाराच्या दिवशी मी चटणीत तेच घालीन आणि पाकिटं तेलाशेजारी मांडीन. माझ्या जवसाच्या बाटल्या तू कांडपासमोर ठेव. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
घाणेवाला दोस्त