बॉनेटखालचा पसारा झाकण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की इंजिन ‘शोरूमसारखं’ करून देण्याच्या पाट्या पुण्यात ठिकठिकाणी लागतात. बॉनेट उघडल्यावर वायरी दिसू नयेत, पाईप दिसू नयेत, सगळं काळंभोर नि चकचकीत दिसावं, ही हौस वाईट नाही. नीट बांधलेल्या वायरी घासत नाहीत, गळती लगेच नजरेस पडते, मेकॅनिकचा हात आत पोहोचतो. पण बऱ्याच ठिकाणी पसारा आहे तसाच ठेवून वरून काळा पाईप चढवतात, टेप गुंडाळतात आणि सिलिकॉनचा फवारा मारून गाडी ताब्यात देतात. त्याचं बिल पुढच्या पावसाळ्यात टोइंगवाल्याला द्यावं लागतं.

कंपनीतून आलेलं वायरिंग सहसा आपल्या क्लिपांमध्ये नीट बसलेलं असतं. गोंधळ नंतर वाढतो. जोडीचे हॉर्न, जादा वॅटचे बल्ब, फॉग लॅम्प, रिमोट लॉक, अँप्लिफायर, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट यांतली प्रत्येक वस्तू लावणारा वेगळा असतो आणि प्रत्येक जण बॅटरीच्या टर्मिनलवर आपलं एक थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाचं धातूचं कडं, वाढवून जातो. म्हणून कामाची सुरुवात काढण्यापासून करावी. आधी मोबाइलवर फोटो काढावेत, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडावं, मग बाहेरून आलेली प्रत्येक वायर कुठून निघून कुठे जाते ते हाताने चाचपत जावं. काढून टाकलेल्या जुन्या अलार्मची किंवा हॉर्नची वायर कित्येकदा जिवंतच लोंबकळत असते. अशा वायरी मुळापासून काढल्या तरी निम्मा पसारा जातो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

मग जोड उघडून पाहावेत. कटरने सोललेली, पिळलेली आणि वर पीव्हीसी टेप गुंडाळलेली वायर एका उन्हाळ्यानंतर पाहण्यासारखी असते. टेपचा डिंक वितळून बाजूला ओघळतो, टेप घसरते, तांबं उघडं पडतं. पावसाचं पाणी तारांमधून इन्सुलेशनच्या आत चढत जातं आणि बोटभर लांबीपर्यंत तांबं हिरवं होतं. तिथला विरोध वाढतो, जोड तापतो, बल्ब मंद होतो आणि दोष मात्र बल्बला लागतो. योग्य रीत अशी: जोड नेमक्या मापाच्या क्रिम्पने (धातूच्या नळकांडीने) दाबावा आणि त्यावर आतून डिंक असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी, चढवावी. एकाच गुच्छात तीन-चार जोड असतील तर ते एकाखाली एक न घेता तीन-चार सेंटिमीटर पुढे-मागे घ्यावेत, नाहीतर तिथे गाठ येते आणि पाईप बसत नाही. डाग मारलेला, म्हणजे सोल्डर केलेला जोड चांगला दिसतो, पण शिसं जिथे संपतं तिथे तार ताठ होते आणि इंजिनच्या थरथरीने बरोबर तिथेच तुटते. ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीला तर डाग मारूच नये. अनेक सेन्सर त्या तारांमधूनच बाहेरची हवा आत घेतात.

वायरीची जाडी आणि फ्यूज यांत कंजुषी नको. साठ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर सुमारे १० अँपिअर घेतात, शंभर वॅटचे दोन जवळजवळ १७. (शंभर वॅटचे बल्ब नियमातही बसत नाहीत, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांचं तर सोडाच.) कंपनीची वायर आणि स्विच पहिल्या आकड्यासाठी बनलेले असतात. हॉर्नची जोडी किंवा फॉग लॅम्प लावायचे तर रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घ्यावा, बॅटरीपासून अडीच एमएमची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची) वाहनांसाठीची वायर ओढावी आणि १५ किंवा २० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच बसवावा. फ्यूज असतो वायर वाचवण्यासाठी. तो दुसऱ्या टोकाला हॉर्नजवळ लावला, तर मधली सगळी वायर फ्यूजच्या संरक्षणाविना राहते आणि पत्र्याला घासली की पेट घेते. तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानांतून आणलेली घरगुती वायर इथे चालत नाही, कारण तिचं साधं पीव्हीसी ७० अंशांपर्यंतचंच असतं. वाहनांसाठीची १०५ अंशांची किंवा त्यावरची मिळते, तीच घ्यावी.

आता मार्ग. गुच्छा बॉनेटच्या कडेने, फेंडरच्या ओठाखालून किंवा मूळ वायरिंगच्या सोबतीने न्यावा. तिथे तो आपोआप दिसेनासा होतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून (इंजिनातून तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांपासून) किमान १० सेंटिमीटर लांब ठेवावा, ते जमत नसेल तर ॲल्युमिनियमची फॉइल असलेली काचधाग्याची स्लीव्ह चढवावी. पट्टा आणि पंखा यांच्यापासून चार बोटं अंतर हवं. पेट्रोलच्या, ब्रेकच्या किंवा सीएनजीच्या नळीला वायर कधीही बांधू नये. इंजिन आपल्या फाउंडेशनवर, म्हणजे खालच्या रबरी आधारांवर डुलतं, त्यामुळे इंजिनकडून बॉडीकडे जाणाऱ्या प्रत्येक वायरीला पाच-सात सेंटिमीटरची ढील ठेवावी. ताणून सरळ केलेली वायर फोटोत छान दिसते आणि कात्रजचा घाट चढताना कपलरमधून (वायरी जोडणाऱ्या प्लगमधून) निसटते. फ्यूज बॉक्समध्ये किंवा फायरवॉलमध्ये (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यात) शिरण्याआधी वायर थोडी खाली झुकवून मग वर घ्यावी, म्हणजे पाणी त्या झोळातून खाली गळेल. फायरवॉलला नवं भोक पाडण्याऐवजी असलेल्या ग्रोमेटमधून (भोकाच्या कडेला बसवलेल्या रबरी कड्यातून) जावं; पाडावंच लागलं तर रबरी ग्रोमेटशिवाय वायर घालू नये, पत्र्याची कड ती हळूहळू कापते.

आवरण चढवायचं ते यानंतर. नालीदार काळा पाईप घ्यावा, त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त वायरी कोंबू नयेत, चीर खाली ठेवावी म्हणजे पाणी आत साचत नाही. दोन्ही टोकांना कापडी टेप लावावी. नव्या गाड्यांच्या गुच्छावर जी बनातीसारखी टेप असते तीच, अर्धी रुंदी एकमेकांवर घेत गुंडाळलेली. पीव्हीसी टेप इंजिनपाशी नको. केबल टाय दर १५-२० सेंटिमीटरवर, उष्णता सोसणारे, बेताने आवळलेले. शेपटी सपाट कापावी, नाहीतर पुढच्या मेकॅनिकचा हात फाटतो. पिळलेल्या जोडवायरी, म्हणजे कॅन बस (गाडीतल्या कंप्युटरांना आपसात जोडणाऱ्या वायरी) आणि चाकांचे सेन्सर यांच्या, सोडवून सरळ करू नयेत, इग्निशन कॉइलशेजारून नेऊ नयेत. पिवळे कपलर एअरबॅगचे, नारिंगी केबली हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांमधल्या उच्च दाबाच्या. त्यांना हात लावू नये.

बॉडीला रंग मारताना अर्थिंगच्या बोल्टखाली रंग जातो, ही नेहमीची गफलत. मग लाईट लुकलुकतात, सेन्सर भलतेच आकडे दाखवतात आणि दोष शोधण्यात दिवस जातात. थिंबलखालचा पत्रा घासून उघडा करावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावावी.

काही गोष्टी झाकायच्या नसतात. इंजिन क्रमांक, चासी क्रमांक आणि कंपनीची पाटी आरटीओला वाचता आलीच पाहिजे. ब्रेक ऑइल आणि कूलंटच्या खुणा, डिपस्टिक, फ्यूज बॉक्सचं झाकण हे सगळं हत्याराशिवाय उघडता यायला हवं. ‘जादा’ वाटणाऱ्या रबरी नळ्यांनाही हात लावू नये. पेट्रोलच्या वाफा शोषणाऱ्या कॅनिस्टरची नळी काढली की गाडीत वास येतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत डीपीएफच्या (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या) दाब सेन्सरकडे जाणाऱ्या नळ्या चढत्या ठेवलेल्या असतात, म्हणजे ओल परत खाली उतरते. सुबकतेसाठी त्यांना झोळ दिला की सेन्सर चुकतो. सीएनजीच्या टाकीत सुमारे २०० बार दाब असतो, तेव्हा त्या नळीची वाट फक्त अधिकृत किट बसवणाऱ्यानेच बदलावी.

बॅटरी डिकीत नेण्याची फॅशनही डोकावू लागली आहे. स्टार्टर १५० अँपिअर ओढत असेल तर १६ एमएमच्या पाच मीटर तांब्याच्या केबलमध्येच सुमारे ०.८ व्होल्ट जातात, ३५ एमएमच्या केबलमध्ये ०.३७. शिवाय बॅटरीपाशी मोठा फ्यूज, घट्ट पकड आणि वायू बाहेर सोडणारी नळी लागते. एवढा व्याप फक्त बॉनेटखाली जागा मोकळी दिसावी म्हणून करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

धुण्याबद्दल थोडक्यात. डिझेल मारून इंजिन चमकवणं बंद व्हायला हवं; रबरी होस फुगतात, धूळ दुप्पट चिकटते आणि तापलेल्या मॅनिफोल्डवर ते धोक्याचंच. इंजिन थंड असावं, अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि हवेचा इनटेक प्लास्टिकच्या पिशवीने झाकावा, एकास दहा पातळ केलेला क्लीनर ब्रशने लावून ओल्या फडक्याने पुसावा. प्रेशर वॉशरचं पाणी स्पार्क प्लगच्या खड्ड्यात साचलं की इंजिन मिसफायर करतं.

पुण्यात गाड्या झाडाखाली उभ्या असतात. गुलमोहराची बारीक पानं वायपरखालच्या जाळीतून जाऊन पाणी जाण्याची भोकं बुजवतात, म्हणून मे अखेरीस ती साफ करावीत. इंजिनवरच्या प्लास्टिक कव्हराखालचा फोम उंदरांना आयता बिछाना वाटतो. पावसाळ्यात आठवड्याला एकदा ते कव्हर उचलून पाहावं. नव्याने बसवायचं असेल तर हाताने निघणारंच घ्यावं.

शेवटी आपल्या पत्रामार्फत ॲक्सेसरीजवाल्यांना विनंती. कोणतीही वस्तू लावली की बिलावर वायरची जाडी, फ्यूजचा आकडा आणि फ्यूज कुठे बसवला ते लिहून द्यावं, आणि कव्हर लावण्याआधीचा एक फोटो ग्राहकाला पाठवावा. ग्राहकांनीही नुसत्या ‘इंजिन डेकोरेशन’ एवढ्या ओळीवर पैसे देऊ नयेत.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, नाना पेठ, पुणे